पेट्रोल पंपालगतच्या विहिरीवर तवंग: तपासणी कशी करावी आणि सफाई कोठून सुरू करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात, राज्यमार्गालगतच्या एका पेट्रोल पंपापासून सुमारे ६० मीटरवर घरची जुनी विहीर आहे. पावसाळ्यात पाण्याला वास नव्हता. फेब्रुवारीपासून तो येऊ लागला आणि एप्रिलमध्ये पाण्यावर रंगीत तवंग दिसला. पंपचालकाने पाण्याचा एक नमुना तपासून घेतला असून ‘तेल व ग्रीस मर्यादेत’ असा अहवाल हाती दिला आहे. विहीर पूर्ण उपसून काढल्यास ती स्वच्छ होईल का, नाहीतर शेजारी खोल बोअर घ्यावी का, आणि तपासण्या किती काळ कराव्यात, असे विचारले आहे.

पहिल्या दोन्ही गोष्टी करू नयेत, आणि तपासण्या किमान दोन पूर्ण जलवर्षे, म्हणजे दोन पावसाळे व दोन उन्हाळे, चालू ठेवाव्यात. असे का, हे समजण्यासाठी विहिरीतल्या पाण्यापेक्षा जमिनीत अडकलेल्या पेट्रोलकडे लक्ष द्यावे लागते. विहिरीत दिसते ते केवळ त्याचे टोक असते.

त्याआधी सुरक्षिततेचे सांगतो, कारण या बाबतीत उशीर चालत नाही. हे पाणी पिणे व स्वयंपाकाला वापरणे आजच थांबवावे, आणि त्याने अंघोळही करू नये, कारण गरम पाण्यातून बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधला एक विषारी घटक, हवेत येते व श्वासावाटे शरीरात जाते. पाणी उकळल्याने ते सुरक्षित होत नाही; विष फक्त भांड्यातून स्वयंपाकघरात येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने ती विहिरीच्या तोंडाखाली साचून राहते, आणि हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्के झाले की एखादी ठिणगी पुरते. म्हणून विहिरीतली किंवा काठावरची मोटार चालू करू नये, तिचा वीजपुरवठा मुख्य खांबावरून तोडून घ्यावा, आणि गाळ काढण्यासाठी, नमुना घेण्यासाठी किंवा फूटव्हॉल्व्ह सोडवण्यासाठी कोणालाही आत उतरू देऊ नये. वास कमी झाला म्हणून धोका कमी झाला असे मानू नये. निव्वळ बेंझिनचा वास पाण्यात साधारण १० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास जाणवतो, तर जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा त्याच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम आहे. बेंझिनमुळे माणसाला रक्ताचा कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे, त्यामुळे या आकड्याबाबत तडजोड करण्यात अर्थ नाही.

आता हातातल्या अहवालाविषयी. तो खोटा असेल असे मी म्हणत नाही. तो या प्रश्नाचे उत्तरच देत नाही. ‘तेल व ग्रीस’ या चाचणीत पाण्यातले तेल द्रावकात ओढून घेतात, मग तो द्रावक उष्णतेने उडवून देतात आणि मागे उरलेल्या अवशेषाचे वजन करतात. डिझेलचे जड भाग, वंगण आणि चरबी यांच्यासाठी ही पद्धत ठीक आहे. पेट्रोलचे हलके घटक मात्र द्रावकाबरोबरच उडून जातात, त्यामुळे पेट्रोलने भरलेला नमुनासुद्धा या चाचणीत साळसूद ठरू शकतो. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, खनिज तेलाची मर्यादा ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, जी बेंझिनच्या वरील मर्यादेच्या ५० पट आहे. मागायची असते ती बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन आणि झायलीन या चार घटकांची, म्हणजे बीटेक्सची, गॅस क्रोमॅटोग्राफवरची चाचणी. आणि पहिल्या वेळी तरी तिच्यासोबत एमटीबीई या ऑक्टेन वाढवणाऱ्या घटकाची व नॅफ्थलीनची. प्रयोगशाळा निवडताना या विशिष्ट घटकांसाठी तिला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, हे विचारावे. सर्वसाधारण मान्यतेची चौकट दाखवली जाते आणि नेमका हा विभाग तिच्यात नसतो, असे बरेचदा घडते.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. सध्याच्या भारत स्टेज ६ पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे पावणेनऊ ग्रॅम बेंझिन, आणि तेवढे बेंझिन ०.०१ मिलिग्रॅमच्या मर्यादेत बसवायचे तर जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर स्वच्छ पाणी लागेल. दुसऱ्या बाजूने पाहिले तर अशा पेट्रोलला टेकून उभ्या असलेल्या पाण्यात बेंझिन १५ ते २० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत जाऊ शकते, म्हणजे मर्यादेच्या दीड-दोन हजार पट. गळतीसुद्धा फार मोठी असावी लागत नाही. पाइपच्या जोडातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला चार लिटरहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटर जातात, आणि रोज हजारो लिटर विकणाऱ्या पंपाच्या डिपच्या, म्हणजे पट्टी बुडवून मोजलेल्या टाकीतल्या साठ्याच्या, हिशेबात एवढी तूट बाष्पीभवन आणि तापमानातील फरकाच्या नावाखाली सहज झाकली जाते.

हे सर्व आपल्याकडच्या खडकात अधिक बिकट होते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे आणि भूजलावरची जगभरातली बरीच पाठ्यपुस्तके वाळूसाठी लिहिलेली आहेत. वाळूत पाण्याला जागा पाव हिश्श्याच्या आसपास असते. झिजलेल्या बेसाल्टमध्ये पाणी देणारी पोकळी साधारण दोन टक्के धरली जाते. म्हणजे एक हजार लिटर पेट्रोलला वाळूत सुमारे चार घनमीटर जागा पुरेल, तेच बेसाल्टमध्ये ५० घनमीटर खडक व्यापेल, आणि तेही गोळा होऊन नव्हे तर फटींच्या दिशेने लांब पसरून. वर मुरूम, त्याखाली विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र खडक, मग संधी असलेला काळा पाषाण आणि मधूनच तांबड्या मातीचा थर, अशा उतरंडीत पेट्रोल उभ्या भेगेतून खाली जाते आणि आडव्या संधीवर पोहोचले की तिच्यासोबत चालू लागते. त्यामुळे जमिनीचा उतार पंपाकडून विहिरीकडे नसला तरी पेट्रोल विहिरीत येऊ शकते, आणि पंपाला लागून असलेली दुसरी विहीर कोरी राहू शकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत नवीन पंप घरे, शाळा आणि रुग्णालयांपासून सामान्यतः ५० मीटर दूर असावा असे म्हटले आहे. तुमची विहीर ६० मीटरवर आहे म्हणून ती सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ कोणी लावत असेल तर तो चुकीचा आहे, कारण भेगांना हे अंतर ठाऊक नसते.

पावसाळ्यात वास नव्हता आणि उन्हाळ्यात तवंग आला, हे तुमचे निरीक्षण प्रयोगशाळेच्या त्या अहवालापेक्षा अधिक बोलके आहे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते पाणीपातळीवर तरंगते आणि पातळीबरोबर वरखाली होते. आपल्याकडे पावसाळ्यानंतरच्या आणि मे महिन्यातल्या पातळीत कित्येक मीटरचा फरक पडतो. पातळी उतरताना पेट्रोल खडकाच्या भिंतींना पुसत पुसत खाली येते. पातळी चढली की त्यातला बराच भाग फटींत थेंबाथेंबाने पाण्याखाली कोंडला जातो आणि तवंग नाहीसा झाल्यासारखा वाटतो. कोंडलेले थेंब मात्र पाण्यात बेंझिन सोडतच राहतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोकळे होऊन एकत्र येतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या एका स्वच्छ नमुन्यावर प्रकरण मिटवण्याचा प्रस्ताव आल्यास तो स्वीकारू नये. नमुने किमान तिमाही असावेत, त्यातला एक मेच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या आधी, आणि एक पावसाळा संपता संपता. प्रत्येक वेळी पाणीपातळी मोजून तिचा आकडा अहवालात बेंझिनच्या शेजारी लिहिलेला असावा. पातळीविना आलेल्या बेंझिनच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

निरीक्षण विहिरी, म्हणजे केवळ पातळी मोजण्यासाठी आणि नमुने घेण्यासाठी खोदलेल्या विहिरी, किती असाव्यात, हा प्रश्न नेहमी खर्चाच्या अंगाने येतो. प्रवाहाची दिशा काढण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन लागतात. माझ्या मते आपल्या खडकात पाच-सहांपेक्षा कमी असतील तर मिळणारे चित्र अंदाजाचे असते. एक पंपाच्या वरच्या अंगाला हवी, नाहीतर प्रदूषण पंपाचेच आहे की पलीकडच्या गॅरेजचे, यावर वाद अडकून पडतो. विहिरीच्या जाळीदार पाइपाचा भाग वर्षातल्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या अशा दोन्ही पातळ्यांना सामावून घेणारा असावा. जाळी पाण्याखाली बुडालेली असेल तर तरंगणारे पेट्रोल तिच्यात शिरतच नाही आणि विहीर खोटे आश्वासन देते. त्याच वेळी जाळी तांबड्या थराला पार करून खाली जाऊ नये.

इथेच खोल बोअरचा मुद्दा येतो. आपल्याकडे बोअरला वरचे काही मीटर केसिंग घालतात आणि खाली ती उघडी सोडतात. प्रदूषित जागी अशी बोअर घेणे म्हणजे उथळ जलधरातली, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरातली, घाण खोल जलधरापर्यंत नेणारा सरळ मार्ग उघडणे, आणि खोल जलधराची सफाई वरच्यापेक्षा कितीतरी अवघड असते. शेजारपाजारच्या बंद पडलेल्या बोअरचीही यादी करावी. बरेचदा प्रदूषण एवढ्या लांब कसे पोहोचले याचे उत्तर त्या यादीत सापडते.

नमुना घेण्याची रीत काटेकोर असावी लागते, कारण बेंझिन हातातून उडून जाते. खुल्या विहिरीत बादली सोडून वरचे पाणी घेतले तर त्यात तवंग येतो आणि आकडा अवाजवी फुगतो. उलट पाणी प्लास्टिकच्या बाटलीत अर्धवट भरून उन्हातून नेले तर आकडा शून्याकडे जातो. ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या, आत हवेचा एक बुडबुडाही न ठेवता भरलेल्या, हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू दोनच्या खाली आणलेल्या, बर्फात ठेवलेल्या आणि १४ दिवसांच्या आत तपासलेल्या, एवढे किमान पाळले जावे. निरीक्षण विहिरीतून पाणी मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा कमी वेगाने ओढावे आणि सामू, विद्युतवाहकता व विरघळलेला ऑक्सिजन स्थिर झाल्यावरच कुपी भरावी. प्रत्येक फेरीत प्रयोगशाळेतून स्वच्छ पाण्याने भरून आलेली एक सीलबंद कुपी सोबत फिरवून परत द्यावी. तिच्यात बेंझिन सापडले तर त्या दिवसाचे सगळे आकडे संशयास्पद आहेत. तवंगाची जाडी तेल व पाणी यांची सीमा ओळखणाऱ्या मोजपट्टीने मोजतात, पण विहिरीत दिसणारी जाडी खडकातल्या जाडीपेक्षा पुष्कळ जास्त असते, त्यामुळे तिच्यावरून थेट लिटर काढून कोणावर दावा ठोकू नये.

बीटेक्ससोबत नायट्रेट, सल्फेट, विरघळलेले लोह, ऑक्सिजन आणि मिथेन हेही मोजून घ्यावे. हा खर्च अनावश्यक वाटतो, पण पुढचा निर्णय त्यावरच उभा असतो. जमिनीतले जिवाणू बेंझिन खातात, आणि एक ग्रॅम बेंझिनसाठी त्यांना सुमारे तीन ग्रॅम ऑक्सिजन लागतो. आपल्या तापमानाला पाण्यात मुळात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, म्हणून तो लवकर संपतो. मग त्याच क्रमाने नायट्रेट, लोह आणि सल्फेट वापरले जातात व शेवटी मिथेन तयार होऊ लागतो. प्रदूषित विहिरीत नायट्रेट जवळजवळ शून्य आणि भोवतालच्या शेतांतल्या विहिरींत मात्र भरपूर, असे दिसले तर निसर्ग काम करतो आहे याचा तो पुरावा आहे. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे या हिशेबात नवा गुंता आला आहे. इथेनॉल जिवाणूंना बेंझिनपेक्षा आवडते. ऑक्सिजन आणि नायट्रेट ते आधी संपवतात, बेंझिन तसेच पुढे सरकते आणि मिथेन वाढतो. शिवाय टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल पेट्रोल सोडून त्या पाण्यात जाते आणि तळाशी वेगळा थर होतो, त्यामुळे जुन्या टाक्यांच्या तळाची तपासणी पूर्वीपेक्षा अधिक गरजेची झाली आहे.

गळती जुनी की नवी, हे ठरवायला एक सोपा धागा आहे. देशभरातले पेट्रोल २००० साली शिसेमुक्त झाले. तवंगात शिशाची सेंद्रिय संयुगे किंवा त्यांच्यासोबत घातले जाणारे इथिलीन डायब्रोमाइड सापडले, तर निदान काही भाग त्याआधीचा आहे. इथेनॉल सापडले तर गळती ताजी आहे, कारण ते जमिनीत फार काळ टिकत नाही.

आता सफाई. पहिले काम पंपाच्या आवारात आहे: टाक्या आणि दाबाच्या पाइपलाइनची गळती-चाचणी, डिपच्या जुन्या नोंदींची छाननी, आणि दोष सापडेपर्यंत संशयित टाकी रिकामी ठेवणे. गळती चालू असताना विहिरीवर लावलेली कोणतीही यंत्रणा म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे आहे.

दुसरे काम तरंगणाऱ्या पेट्रोलचे. ते पाण्यासोबत भसाभस उपसायचे नसते. मोटार लावून विहीर रिकामी केली की भोवतालची पातळी खाली जाते, दुरून पेट्रोल विहिरीच्या दिशेने ओढले जाते, आणि जो खडक आजवर पाण्याखाली कोरा होता तोही पेट्रोलने माखतो. महिनाभर उपसा करून विहीर आधीपेक्षा वाईट झाल्याच्या तक्रारींमागे हेच कारण असते. ज्वालारोधी स्किमरने केवळ वरचा थर काढावा. मुरुमाच्या थरात निर्वात पंपाने वाफ ओढण्याची पद्धत चांगली चालते, आणि उन्हाळ्यात पातळी खाली असताना उघडी पडलेली माखलेली पट्टी त्याच पद्धतीने सर्वांत स्वस्तात साफ होते. हा हंगाम वाया घालवणे मला सर्वांत मोठी उधळपट्टी वाटते. पाण्यात हवा फुंकण्याची पद्धत वाळूत उत्तम असली तरी भेगाळ कातळात हवा सर्वांत सोप्या भेगेने निघून जाते व बाकीचा खडक तसाच राहतो. तिची शिफारस कोणी करत असेल तर आधी छोटा प्रयोग करून दाखवण्यास सांगावे. परसल्फेटसारखे ऑक्सिडीकारक तवंग काढून झाल्यावर, उरल्यासुरल्यासाठी आहेत. तवंगावर ते ओतणे धोक्याचेही आहे आणि पैशांचा अपव्ययही.

पसरू लागलेले विरघळलेले प्रदूषण अडवण्यासाठी नियंत्रित, मंद उपसा करावा लागू शकतो. ते पाणी आधी तेल-पाणी विभाजकातून, मग हवा फुंकून बेंझिन उडवणाऱ्या मनोऱ्यातून आणि शेवटी सक्रिय कोळशाच्या एकापाठोपाठ ठेवलेल्या दोन पात्रांतून जावे. दर वेळी दोन पात्रांच्या मधले पाणी तपासावे, म्हणजे पहिला कोळसा संपल्याचे दुसरा संपण्याआधी कळते. घरगुती फिल्टरवर विसंबू नये याचे कारणही हेच: त्यातला मूठभर कोळसा कधी संपला हे समजत नाही. उपसलेले पाणी किंवा तवंग गटारात सोडण्याची कल्पना कोणी मांडली तर ती तिथेच थांबवावी. २२ एप्रिल १९९२ रोजी मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात पाइपलाइनमधून गळलेले पेट्रोल भुयारी गटारांत साचून स्फोट झाले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. तिथे पाण्याचा नळ पेट्रोलच्या नळाला लागून असल्याने पेट्रोलचा नळ गंजला होता.

सर्व खर्च टाळून हे निसर्गावर सोडता येईल का, असेही विचारले जाते. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने गळक्या टाक्यांच्या शेकडो जागांचा आढावा घेतला तेव्हा बहुतेक ठिकाणी बेंझिनचा पट्टा सुमारे ८० मीटरच्या आत थबकलेला आढळला, आणि निरीक्षणाधारित नैसर्गिक ऱ्हास ही मान्य पद्धत होण्यामागे त्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. पण तो निष्कर्ष मुख्यतः गाळाच्या जमिनींचा आहे. बेसाल्टच्या भेगेला तो जसाच्या तसा लावता येत नाही. तो एमटीबीईलाही लागू नव्हता. त्याच राज्यातल्या सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये एमटीबीईमुळे पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या, शहराचा निम्म्याच्या आसपास पुरवठा गेला, आणि शुद्धीकरण केंद्र उभारून त्या विहिरींचे पाणी पुन्हा वापरात यायला २०१० उजाडले. तुमच्या बाबतीत मी नैसर्गिक ऱ्हासाचा विचार तवंग काढल्यानंतर आणि प्रदूषणाचा पट्टा आक्रसतो आहे असे आकड्यांनी दिसल्यानंतरच करेन.

तक्रार लेखी असावी: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि टाक्यांच्या परवान्याचा विषय असल्याने नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या, विभागीय कार्यालयाकडे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून परिसरातल्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्यांच्या जुन्या नोंदी मागून घ्याव्यात. त्या फार उपयोगी पडतात. जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले असून, संशयित जागेची नोंद, प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी, व प्रदूषणास जबाबदार ठरलेल्याकडून खर्चाची वसुली, अशी चौकट त्यात आहे. तक्रारीत या नियमांचा उल्लेख करून जागेची नोंद मागावी. तोपर्यंत पिण्याच्या पाण्याचा पर्याय कोण देणार, हेही त्याच अर्जात विचारावे.

सफाई पूर्ण झाल्याचा दावा येईल तेव्हा यंत्रणा बंद करून वर्षभर वाट पाहावी. उपसा थांबल्यावर भेगांत कोंडलेले पेट्रोल पुन्हा पाण्यात उतरते आणि आकडे उसळतात. ही उसळी पुढच्या मेपर्यंत दिसली नाही, दोन्ही हंगामांत बेंझिन ०.०१ मिलिग्रॅमच्या खाली राहिले आणि तवंग एकदाही परतला नाही, तरच विहीर वापरात घ्यावी. त्यानंतर निरीक्षण विहिरी तशाच उघड्या सोडू नयेत. जाळीचा पाइप काढून किंवा आतून, तळापासून वरपर्यंत, सिमेंट व बेंटोनाइटचे मिश्रण भरून त्या बुजवाव्यात आणि बुजवल्याचे पत्र, खोलीच्या नोंदीसह, स्वतःच्या फाइलला लावून घ्यावे.